मोठी मापं

सातव्या महिन्यात ऋजुताकडे नॅप्यांचं खोकं आलं. गर्भाच्या तपासणीवरून बाळाला लागतील तेवढ्या सगळ्या नॅप्या कंपनी एकदमच पाठवत असे. शेजारच्या हर्षदाकडे चार खोकी आली होती, दोन वर्षांची. इथे एकच, तेही सर्वांत लहान मापाचं.

तिने फोन लावला. "बाकीची खोकी कधी येणार?"

"तुमच्या बाळाला पुरतील एवढ्या दिल्यात, मॅडम," पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली. "मोठी मापं लागलीच तर कळवा. आजवर कुणी कळवलं नाही."

"बाळाआधी घरात काही आणू नये, किती वेळा सांगितलं!" सासूबाई कडाडल्या. मग आपली मऊ सुती साडी टराटरा फाडून त्या लंगोट शिवायला बसल्या, वर्षाच्या पोराला बसतील एवढे.