खुंटाची जागा

"जोमाकाका, तुम्ही दाखवलेल्या जागी पाण्याला ओढच नाही," खाडीतलं टर्बाइन वर ओढून घेत इंजिनीअर मॅडम म्हणाल्या. "पाती धड फिरत नाहीत, वीज कुठली होणार? उद्या आम्ही परत जातो."

म्हणजे बेटावर वीज नाही, बर्फ नाही. मासळी अशीच नासणार. जोमाची मान खाली गेली. ओढ जिथं जास्त तिथंच जाळं भरतं, म्हणून जाळं बांधायच्या खुंटाची जागा कुणी विचारली की भलतीकडं बोट दाखवायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. मॅडमनी विचारलं तेव्हाही बोट आपसूक भलतीकडंच गेलं होतं. खरी जागा त्यानं सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती, आणि तो हिरजी समोरच वल्हं धरून बसला होता.

"मॅडम, त्या काळ्या खडकापलीकडं चला," जोमा अखेर म्हणाला. "पाण्याखाली माझा खुंट आहे. तो उपटा आणि तुमचं लावा."

हिरजीनं होडी वळवली. पाण्यावर कसलीच खूण नव्हती, तरी न विचारता नेमकी खुंटावर नेऊन उभी केली.

"तुला ठाऊक होतं?" जोमा चाचरला. "मग इथं कधी जाळं का नाही लावलंस?"

"तुझा खुंट होता ना, दादा."