ताई

माहेरची साडी ताईच्या अंगावर घालून मल्हारी बाजूला झाला. भावाचं काम तेवढंच. अग्नी द्यायला तिच्या नवऱ्याचा पुतण्या होता, कारण ताईला मूलबाळ नाही असंच सासरी सगळे समजत. अंगणात न्हावी त्या पुतण्याचे केस उतरवत होता.

विजापूरकडचं हे गाव. लहानपणी सुट्टीला आला की मल्हारी "ताई, ताई" करत तिच्या मागेमागे फिरायचा आणि गल्लीतली पोरं खिदळायची. कानडीत तायी म्हणजे आई. ताईही हसायची, आणि मग चुलीपाशी जाऊन फुंकत बसायची, जाळ चांगला पेटलेला असला तरी. गेल्या महिन्यात दवाखान्यात तिनं त्याचा हात धरून खरं काय ते सांगितलं. मल्हारी तिचाच मुलगा. लग्नाआधी झालेला, म्हणून आईनं स्वतःचा म्हणून वाढवलेला. "पण तू ताईच म्हण," ती म्हणाली होती. "आता तेच गोड लागतं."

पुतण्या उठला. मल्हारी टोपी काढून त्याच्या जागी पाटावर बसला. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

बायकांतून आई लगबगीनं पुढे आली. "ऊठ मल्हारी! खुळा झालास काय? बहिणीसाठी भाऊ केस काढत नसतो."

"भाऊ नसतोच काढत, आजी," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.