डावरीची नक्षी

"हे फ्लोरांचं नाही. माझं आहे," युबेर्तिन म्हणाली आणि तिने काचेच्या पेटीवर बोट ठेवलं.

पेटीत मखमलीवर चौदा पिस्तुलं मांडलेली होती. सगळी तळहाताएवढी, कोटाच्या खिशात मावणारी, आणि चौदांवरही कारखान्यातच कोरलेली नक्षी. मधल्या पिस्तुलावर तर चापाच्या कडीपर्यंत वेल चढलेला. त्याच्याखाली चिठ्ठी होती : 'लिएज, १९११. कोरीव काम : उस्ताद फ्लोरां कोर्बेसिये.'

पेटीचा मालक वाल्थेर देजार्दें. औषधांचं दुकान सांभाळून त्याने तीस वर्षं असली पिस्तुलं हुडकण्यात घालवली होती. फ्लोरांवर त्याने एक जाडजूड पुस्तकही लिहिलं होतं. ते पेटीशेजारीच विकायला ठेवलेलं होतं. रविवारची दुपार, प्रदर्शनाच्या सभागृहात ही गर्दी.

"तुमचं म्हणजे घरातलं होतं का, आजीबाई? यजमानांचं?" देजार्देंने विचारलं.

"यजमानांना बटाटा सोलता येत नव्हता. मी कोरलंय ते. एकवीस वर्षांची होते."

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. देजार्देंही हसला. "अहो, कारखान्याची वही मी स्वतः पाहिलीय. या नंबरापुढे फ्लोरांचं नाव आहे."

"असणारच. वही फ्लोरां स्वतःच लिहायचा."

आता हसू देजार्देंवर उलटलं. तो जरा चिडला.

"भिंग आहे ना तुमच्याकडे?" युबेर्तिन म्हणाली. "मग काढा बाहेर. आणि पानं-फुलं बघत बसू नका, चर बघा. कोरताना चराची एक बाजू उभी येते, दुसरी उतरती. फ्लोरां उजवा होता, मी डावरी. माझा उतार उलट्या बाजूला पडतो."

म्हातारीची एकदाची जिरवावी म्हणून देजार्देंने पेटी उघडली, पिस्तूल उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग शेजारचं पिस्तूल घेतलं. मग पुन्हा पहिलं. बघता बघता त्याचे कान लाल झाले. तीस वर्षं याच भिंगातून त्याने पाकळी न् पाकळी मोजली होती. उतार एकदाही पाहिला नव्हता.

"डावीकडून दुसरं, तेही माझंच," युबेर्तिन म्हणाली. "त्याच्या पलीकडचं मात्र फ्लोरांचं. जेवणाच्या सुट्टीची घाई दिसतेय त्यात."

देजार्देंने आवाज खाली आणला. "बाई, पुस्तक छापून झालंय हो."

"पुस्तक राहू दे. चिठ्ठी बदला."

"एक चिठ्ठी बदलली की लोक उरलेल्या तेरांवर बोट ठेवणार. फ्लोरां म्हणजे फ्लोरां. तुम्हाला कोण ओळखतं?"

हे तो कुजकटपणे बोलला नाही, समजुतीच्या सुरात बोलला, आणि तेच तिला जास्त लागलं. त्याने पिस्तूल जागेवर ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली. "चला, तुम्हाला गरम कॉफी पाजतो."

कारखान्यातल्या मुकादमानेही अगदी हेच केलं होतं. 'बाईच्या हातचं पिस्तूल दुकानदार घेतील का?' असं म्हणून त्याने कॉफीचा पेला पुढे केला होता, आणि एकवीस वर्षांच्या युबेर्तिनने तो मुकाट्याने पिऊन टाकला होता. ती कॉफी तिला अठ्ठावन्न वर्षांत पचली नव्हती.

"कॉफी मी घरून पिऊन आलेय," ती म्हणाली.

तिने पर्स उघडली. जपमाळ आणि चष्म्याच्या घराखालून एक कोरणी बाहेर काढली. कोरणीची लाकडी मूठ काळी पडली होती आणि डाव्या तळव्याला बसेल अशी एका अंगाने झिजली होती. युबेर्तिन पेटीवर वाकली.

"अहो, अहो, काय करताय? काच सभागृहाची आहे!"

"मग सभागृहाला बोलू दे."

तिने कोरणीचं टोक काचेवर टेकवलं. काच अशी किरकिरली की आसपासच्या टेबलांवरची बोलणी बंद पडली. मधल्या पिस्तुलाच्या बरोबर वर, बघणाऱ्याची नजर जिथे पडेल तिथेच, ती एकेक अक्षर कोरत गेली. पहिल्या अक्षराला वेल काढायचा तिचा बेत होता, पण काच पोलादासारखी ऐकत नाही. अक्षरं खरखरीत आली.

देजार्देंला तिचा हात धरता आला असता. त्याने धरला नाही. इतकी वर्षं त्याने त्या हाताचं काम जमवलं होतं. हात चालताना तो आज पहिल्यांदा बघत होता.

युबेर्तिनने काचेचा भुगा फुंकून टाकला. 'युबेर्तिन क्लोसे, १९११.'

"काच उद्या बदलता येईल," देजार्दें म्हणाला.

"बदला की." तिने कोरणी रुमालात गुंडाळली. "प्रदर्शन बुधवारपर्यंत आहे ना? मी रोज येईन."

ती दाराकडे निघाली. तिच्या जागी टोपीवाला एक जाडा गृहस्थ येऊन पिस्तूल बघायला वाकला. त्याला काही नीट दिसेना. त्याने चष्मा चढवला, काचेवरची अक्षरं बोटाने चाचपली आणि देजार्देंकडे बघून विचारलं,

"ही क्लोसे कोण हो?"