वरचा हौद

तिने खिडकीच्या फटीतून पाहिलं, तेव्हा दीर तिच्या सायकलपाशी गुडघे टेकून बसला होता.

नुकतं कुठे फटफटत होतं. मुक्कामाच्या घराचं अंगण दगडी, त्यामुळे बारीकसा आवाजही वर माडीवर पोचत होता. फुस्स. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या चाकाकडे सरकला. पुन्हा फुस्स. मग चोरपावलांनी आत निघून गेला.

खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिचं मन वर्षभर सांगत होतं. आज ते डोळ्यांनी दिसलं.

गेल्या वर्षी याच वाटेवर तिचा नवरा गेला. दोघे भाऊ जाड टायरच्या सायकली घेऊन दरवर्षी इथे यायचे. द्राक्षमळ्यांमधले खडीचे रस्ते आणि वेशी-बुरुजांची जुनी गावं दिवसभर पालथी घालायचे. ती मागून गाडीत. सायकलशी तिचा संबंध एवढाच, की निघायच्या सकाळी नवऱ्याच्या चाकांत हवा तिने भरायची. लग्न झाल्यापासूनचा रिवाज होता तो, दुसऱ्या कुणी पंपाला हात लावलेला तिला खपत नसे. औषधाच्या दुकानात काम करणारी बाई; बाटली गळ्यापर्यंत भरल्याशिवाय बूच लावायची नाही. टायर दगडासारखा टणक झाला, की अंगठा दाबून म्हणायची, "हं, निघा आता."

नवरा हसायचा. "तू भरलीस म्हणजे बघायलाच नको."

त्या दिवशी ती खालच्या गावात जाऊन वाट पाहत बसली होती. उताराच्या वळणावर त्याची सायकल घसरली. ती धावत पोचली तोवर सगळं संपलं होतं. शेवटच्या घटकेला जवळ होता तो फक्त धाकटा भाऊ.

"शेवटी काही बोलले का हो?" तिने किती वेळा विचारलं असेल. दरवेळी दीर खाली बघायचा. "नाही, वहिनी. बोलणंच झालं नाही."

शाळेत दिवसभर भूगोल बडबडणारा हा माणूस या एका प्रश्नाला मूग गिळून बसायचा. वर दादाची सायकल त्याने तिला हातही न लावू देता परस्पर भंगारात घातली. वडिलांचं घर विकायचं की ठेवायचं, यावरून अपघाताच्याच आठवड्यात दोघा भावांचं चांगलंच वाजलं होतं. आता सांगा, बाईने काय समजायचं?

म्हणून ती या वयात सायकल शिकली. गावातल्या डांबरी रस्त्यावर आपटली, गुडघे फोडून घेतले, शेजाऱ्यांची करमणूक केली. मग दिराला म्हणाली, "मला तो रस्ता चालवायचाय. तुमच्याबरोबर." त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण शेवटी आला.

अन् आता हे.

ती गुपचूप खाली उतरली, पंप काढला आणि दोन्ही चाकं भरली. दांडा खाली जाईना तेव्हाच थांबली. अंगठा दाबून पाहिला. दगड.

"आज पुढे मी राहणार, भाऊजी," नाश्त्याला ती म्हणाली.

"का?"

"सहज."

त्याने चहाच्या कपावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं. पण सावकाश हं, वहिनी."

वेशीच्या कमानीखालून ते बाहेर पडले. चढाचा रस्ता फरसबंदीचा होता. दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेली, त्यांच्यापलीकडे दुसऱ्या गावाचा बुरूज. बघण्यासारखं होतं सगळं, पण तिचे कान मागच्या चाकाच्या आवाजावर होते. माथ्यावर एक दगडी हौद लागला. तिथून पुढे खडी आणि उतार.

"इथे जरा थांबू," दीर म्हणाला. "दादा नेहमी थांबायचा."

"पाणी प्यायला ना? पुढे गेले की गाडीच्या आरशात दिसायचे मला दोघं वाकलेले."

तो घुटमळला. "हो. पाणी प्यायला."

"त्या दिवशी थांबले होते?"

"नाही. आभाळ भरून आलं होतं. म्हणाला, ती खाली वाट बघत असेल, चल."

"मग मीही नाही थांबत," ती म्हणाली आणि सायकल उतारावर घातली.

"वहिनी! अहो, थांबा!"

घाबरला, तिला वाटलं. पण तेवढ्यात हँडल थरथरायला लागलं. खड्याखड्यावर चाक उडत होतं, ब्रेक दाबला तर नुसतं घसरत होतं. वळण आलं आणि सायकल वळलीच नाही. ती सरळ वेलींत शिरली. तारांनी तिला झेललं म्हणून वाचली.

दीर धापा टाकत आला. तिला धड पाहून त्याने आधी तिचा टायर चाचपला. पांढराफटक पडला.

"हवा कोणी भरली?"

"मी!" ती ओरडली. "पहाटे तुम्ही सोडलीत ती मी भरली. खिडकीतून बघितलं मी सगळं. यांच्याही चाकातली अशीच सोडलीत ना?"

तो खडीतच मटकन बसला.

"खडीवर हवा कमी करावीच लागते, वहिनी," तो म्हणाला. "टणक टायर उडतो, पकड घेत नाही. दादा दरवर्षी वर हौदापाशी सोडायचा. तुमची गाडी पुढे गेली की."

तिचा अंगठा सवयीने टायरवर गेला आणि तिथेच राहिला.

"शेवटी काय म्हणाले ते?" तिने विचारलं.

या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

"म्हणाला, हवेचं तिला कधी सांगू नकोस."