चमचाभर पावडर
आमच्या प्रयोगशाळेत आग विझवायच्या पावडरी तपासतात. अंगणात पेट्रोलचा ट्रे पेटवून मास्तर, आमचे सर्वांत जुने तपासनीस, नवा नमुना फवारायला गेले. गुठळ्यांनी नळी तुंबली, ज्वाळा उसळल्या आणि मास्तरांच्या बाहीनं पेट घेतला. मी धावत भिंतीवरचा अग्निशामक सिलिंडर आणला, पिन ओढली, मूठ दाबली. नुसती हवा सुटली. पावडरीचा कण नाही. शेवटी वजनकाट्यावरच्या ताईंनी ओलं पोतं टाकून त्यांना वाचवलं. “सिलिंडर रिकामा कसा?” साहेबांनी विचारलं. “त्यातली पावडर उत्तम, म्हणून नवा नमुना तिच्याशी ताडून बघायला मी झाकण फिरवून चमचाभर काढायचे,” ताई पुटपुटल्या. “मीही चमचाभरच,” माझ्या तोंडून निसटलं. मास्तरांनी भाजलेला हात ओल्या पोत्यात गुंडाळला. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “मी एकटाच काढतो.”