फाडलेला कोपरा

फणसळकरांनी चष्मा कपाळावर सरकवला, जुन्या फोटोची प्रिंट डोळ्यांजवळ नेली आणि शांतपणे तिचा उजवा कोपरा फाडला.

"काका!" सुमेधा किंचाळलीच. त्यांनी तरुणपणी टिपलेल्या मासळीबाजारातल्या बाईची ही प्रिंट तिने लिलावात पाच जणांशी झुंजून मिळवली होती. आज ती फक्त त्यांची सही घ्यायला आली होती.

"रद्द आहे ही," ते म्हणाले. "बाईचा चेहरा बघ, काजळी फासल्यासारखा आलाय. डार्करूममध्ये असल्या प्रिंटचा कोपरा मी तिथल्या तिथे फाडायचो, म्हणजे चुकून कुणाला जायला नको. ही कशी निसटली कोण जाणे."

"अहो, पण ही त्या काळची आहे! तुमच्या हातची!"

"म्हणून तर लाज वाटते. निगेटिव्ह आहे माझ्याकडे, नवी स्वच्छ काढून देतो."

"नवी कुणीही काढेल. मला हीच हवी होती."

"भलतीच हट्टी आहेस."

"आणि तुम्ही?"

सुमेधाने कपाळावर हात मारून घेतला. मग प्रिंट पालथी करून त्यांच्यापुढे सरकवली आणि शिसपेन्सिल हातात दिली. "आता सही कराच. आणि कोपरा कुणी फाडला, तेही लिहा."

अखेर फणसळकरांनी सही केली आणि वर लिहिलं:

'प्रिंट वाईट आहे. मीच फाडली. तरी या पोरीला हीच हवी आहे.'