बाराची लिफ्ट

"आधी जेवण वर जाणार," आचारी म्हणाले.

"आधी धुतलेल्या चादरी वर जाणार," धुलाईबाई म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी वहीत तारीख टाकली. दवाखान्यात लिफ्ट एकच. गेली सहा वर्षं या दोघांच्या ढकलगाड्या रोज बाराच्या ठोक्याला तिच्या दारात भिडत. मग दहा मिनिटं दोघांच्या तोंडाचा पट्टा सुरू, आणि तोवर रुग्णांचं जेवण गार.

बावन्नाव्या वर्षी मेट्रनबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या होत्या. संस्था चालवणाऱ्यांसाठी वादनिवारणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, आणि त्यातला शेवटचा प्रकल्प उरला होता: एक खरा वाद मिटवायचा, आणि तो तीस दिवस मिटलेला राहायला हवा. नाही राहिला, तर वर्ष फुकट. लेकीनं बजावलंच होतं, "आई, नापास झालीस तर प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सही करणार हं!"

मध्यस्थानं तोडगा सुचवायचा नाही, नुसतं विचारायचं, असा नियम.

"समोरच्याचं काय खटकतं?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस झाले, शर्टाला वरचं बटण नाही," धुलाईबाई उसळल्या. "आणि मला शिस्त शिकवतात!"

"दोन आठवडे खोकतायत, औषधाचं नाव नाही," आचारी म्हणाले. "आणि जंतूंवर भाषण मलाच!"

"बरं, चांगलं काय?"

दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

"वेळेच्या पक्क्या आहेत," आचारी पुटपुटले.

"हे तर पाच मिनिटं आधीच येऊन उभे असतात," धुलाईबाई म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी टिपून ठेवलं: 'आचाऱ्यांची पत्नी जाऊन दहा वर्षं झाली. बाईंना आगेमागे कोणी नाही. एकटेपणानं स्वभाव चिडके झाले असावेत.'

तिसऱ्या बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या भांडणात गार जेवण कोण जेवतं?"

दोघांच्या माना खाली गेल्या.

"मी अकरालाच चादरी वर नेईन," धुलाईबाई म्हणाल्या.

"म्हणजे बाराला मी एकटाच?" आचारी म्हणाले.

"अख्खी लिफ्ट तुमची!" मेट्रनबाईंना आनंद लपवता येईना.

दोघांनी सह्या केल्या. पेन खाली ठेवायला मात्र दोघांनीही फार वेळ लावला.

दुसऱ्या दिवसापासून जेवण वाफाळतं पोचू लागलं. भाजीत कधी मीठ दोनदा पडे, कधी मुळीच नसे. चादरींच्या घड्याही वाकड्या येऊ लागल्या. नवी घडी बसायला वेळ लागतोच, असं मेट्रनबाईंनी अहवालात लिहिलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत राहिल्या.

एकोणतिसाव्या दिवशी दोघं एकदम दारात उभे. हातात लिफाफा.

मेट्रनबाईंनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "अहो, एकच दिवस राहिला होता!"

"करार मोडलेला नाही मॅडम," आचारी म्हणाले. त्यांच्या शर्टाला वरचं बटण होतं. चादरींवर खुणा घालायच्या लाल दोऱ्यानं शिवलेलं.

"वाचा तरी," धुलाईबाई म्हणाल्या. त्यांचा खोकला गेला होता.

मेट्रनबाईंनी कागद उलगडला.

'बाराची भेट बंद झाल्यामुळे आम्हां दोघांना येत्या मंगळवारी लग्नासाठी रजा मिळावी. साक्षीदार म्हणून मध्यस्थांनी सही करावी.'